नागपूर ते शेगाव पायी: टप्पे अन् मुक्काम कसे ठरवायचे?

त्रिमूर्तीनगरवाला:
नमस्कार मंडळी, माघात गजानन महाराजांच्या प्रकट दिनाच्या थोडं आधी शेगावला पोचायचं मनात आहे, मी अन् माझे सासरे दोघंच. ते साठीच्या वर आहेत पण रोज अंबाझरीवर फिरतात. दिंडीसोबत नाही, आपल्या चालीनं जाऊ. अमरावती रोडनं साधारण ३०० किमी दिसून राहिलं, रोज ३० धरले तर १० दिवस. रात्री राहायचं कुठं? मधात लॉज बुक होते का?

वऱ्हाडी_पायी:
३० नं भागाकार नका करू जी. ३० व्या किलोमीटरवर संत्र्याचा बगीचा लागला तर संत्री भेटतील, खोली नाही. आधी मोठी गावं मांडा: कोंढाळी, कारंजा (घाडगे), तळेगाव, तिवसा, मोझरी, अमरावती, मूर्तिजापूर, अकोला. मग मधातलं अंतर पाहा. नागपूर-कोंढाळीच ५० च्या आसपास आहे, म्हणून पहिल्या दिवशी गोंडखैरीपर्यंतच जा, दुसऱ्या दिवशी बाजारगावच्या समोर जेवढं जमेल तेवढं. लॉज नसेल तिथं देऊळ, समाजभवन, नाहीतर सरपंचाला विचारायचं, पण अंधार पडायच्या आत, काहून की रात्री नऊला दार वाजवलं तर कोणीही दचकते. मोझरीला गुरुकुंजात मुक्काम कराच, तुकडोजी महाराजांची महासमाधी आहे अन् संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना चुकवू नका. तिथून अमरावती साधारण ३५ किमी, सासऱ्यांसाठी दोन दिवसांत तोडा. तळेगावचा सत्याग्रही घाट उजेडातच पार करा, अन् हायवेवर उजव्या बाजूनं चाला म्हणजे येणारा ट्रक समोरून दिसते.

सेलूची_ताई:
मला तर तो हायवेच पटत नाही, दिवसभर हॉर्न अन् धूर. वेळ असेल तर वर्धेवरून जा. सेवाग्रामला आश्रमासमोर यात्री निवास आहे, समोर आर्वी, अन् मग वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, तिथली पंढरपूरची पालखी १५९४ पासूनची सांगतात. मग कुऱ्ह्यावरून अमरावती. अंतर वाढते, खोटं नाही बोलत, पण रस्ता निवांत आहे. कौंडण्यपूरला मुक्कामाचं मंदिरात आधी विचारून ठेवा.

त्रिमूर्तीनगरवाला:
ताई, सासरे कौंडण्यपूर ऐकूनच खुश झाले. पण दिवस वाढतील ना. समृद्धी महामार्गाच्या कडेनं शॉर्टकट नाही का?

वऱ्हाडी_पायी:
समृद्धीवर पायी सोडतच नाहीत भाऊ, मोटरसायकलही चालत नाही तिथं. दिवस वाढत असतील तर लवकर निघा, पोचायची तारीख प्रकट दिनाला चिकटवू नका, त्या आठवड्यात शेगावात भक्तनिवासात खोली भेटणं कठीण. त्या आठवड्याच्या आधीच पोचा नाहीतर गर्दी ओसरल्यावर. दोघांचंही आधार कार्ड जवळ ठेवा.

अकोलेकर_गजानन_भक्त:
अकोल्यानंतर बाळापूरचा हायवे सोडा, गायगाववरून जा, बरेच पायी जाणारे तिकडूनच येतात. नागझरीला गोमाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घ्या, शेगाव तिथून जवळच. अन् नवीन जोडे घालून निघू नका, एक महिना अंबाझरीवर तेच घालून फिरा. सासऱ्यांची बॅग तुम्ही घ्या, किंवा अमरावतीत कोणी नातेवाईक असेल तर अर्धं सामान आधीच तिथं पाठवून द्या.

त्रिमूर्तीनगरवाला:
मावशी बडनेऱ्याला राहते! मग वर्धा-आर्वीवरूनच ठरवतो. ताई, आर्वीत बरा लॉज माहीत असेल तर सांगजा.