मदत हवी आहे: राणीच्या बागेत निरीक्षणासाठी कुठला प्राणी निवडू?

नमस्कार मंडळी, मी ठाण्यात राहते, बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलंय. राणीच्या बागेत एक दिवस जाऊन एकाच प्राण्याचं निरीक्षण करायचं आहे. दर पाच मिनिटांनी तो काय करतोय, म्हणजे खातोय, झोपलाय, फिरतोय की उगाच एकाच रेषेत येरझारा घालतोय, ते तक्त्यात भरायचं. शेवटचं महत्त्वाचं, कारण तशा येरझारा बहुधा पिंजऱ्यातल्या कंटाळ्याचं लक्षण मानतात.

पेंग्विन डोक्यात होते. ते हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. पण काचेसमोर गर्दी इतकी, की तिथे तासभर वही घेऊन उभं कोण राहू देणार? पाणघोडा दिवसा पाण्यातून डोकं वर काढेल तेवढंच, तो चरायला बाहेर पडतो रात्री. माझा तक्ता रिकामाच राहायचा! पक्षीगृहात आत चालत जाता येतं, पण एकाच पक्ष्यावर नजर ठेवणं जमेल का?

नुकतं कुणी जाऊन आलं असेल तर सांगा: सकाळी कुठला प्राणी हालचाल करतो, आणि समोर सावलीत बसायला जागा कुठे आहे? बुधवारी बाग बंद असते, म्हणून गुरुवारी सकाळच्या लोकलने भायखळ्याला जायचा विचार आहे. सोबत डबा नेला तर चालतो ना?