बाह्यांवर रेघा असलेला ट्रायसूट खरंच फास्ट असतो का?

रानवारा
गोव्याच्या 70.3 आयर्नमॅनची (पोहणं, सायकल, धावणं लागोपाठ करायची ट्रायथलॉन) तयारी चालूय. सायकलचे 90 किमी आणि ड्राफ्टिंग (पुढच्याच्या मागे आडोशाला चालवणं) बंद, म्हणजे वारा सगळा आपल्याच अंगावर. माझा आत्ताचा ट्रायसूट, म्हणजे तिन्हीला घालायचा एकच सूट, बिनबाह्यांचा, साध्या लायक्राचा आहे. ग्रुपमधले सगळे म्हणतायत बाह्यावाला घे, तो दंडावर उभ्या रेघांचं खरखरीत कापड असतं ना तो. किंमत चांगलीच आहे म्हणून विचारतेय. गुळगुळीत कापड हवेतून सटकन जायला पाहिजे ना, मग खरखरीत कशाला? माझा स्पीड सपाटीला ताशी 31-32 किमी असतो, तेवढ्यात फरक पडतो का? आणि गोव्याच्या उकाड्यात बाह्या झेपतील का?

वायुवेग
ताई, गुळगुळीत म्हणजे फास्ट हे विमानाच्या पंखासारख्या निमुळत्या आकाराला लागू होतं. दंड, पोटरी हे गोल खांब आहेत. हवा खांबाला शेवटपर्यंत चिकटून राहत नाही, अर्ध्यातच सुटते, मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तोच तुम्हाला मागे ओढतो. कापड खरखरीत असलं की अंगालगतचा हवेचा थर घुसळला जातो, मग तो जास्त मागेपर्यंत चिकटून राहतो आणि मागचा पट्टा अरुंद होतो. क्रिकेट बॉलची शिवण एका बाजूला नेमकं हेच करते, म्हणून तर स्विंग मिळतो.

पण हे स्पीडवर अवलंबून आहे आणि दुकानदार नेमकं तेच सांगत नाहीत. दंड 9 सेंमी जाड धरला तर 50 च्या स्पीडला रेनॉल्ड्स नंबर (स्पीड आणि जाडीवरून हवा कशी वाहील ते सांगणारा आकडा) 80-85 हजार येतो, तुमच्या 32 ला 50-55 हजार. गुळगुळीत खांबाचा ड्रॅग (हवेचा विरोध) एकदम कमी व्हायला साधारण 2 ते 3 लाख लागतात, तिथे सायकलवर कुणाचाच हात पोचत नाही. खरखरीत कापड तो आकडा खाली आणतं, पण किती खाली ते रेघा किती उंच यावर. 50 साठी बनवलेल्या बारीक रेघा 32 ला कदाचित कामच करणार नाहीत, आणि उगाच जास्त खरखरीत घेतलं तर वरच्या स्पीडला ड्रॅग उलटा वाढतो. म्हणून कुठल्या स्पीडला टेस्ट केलाय ते विचारा, उत्तर नाही मिळालं तर जास्तीचे पैसे देऊ नका.

चढउतार
वरच्या उत्तराला +1. हे कापड किती गंभीर प्रकरण आहे बघा, 2017 च्या टूर द फ्रान्सला ड्युसेलडॉर्फच्या पहिल्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) टीम स्काय या सायकल टीमच्या स्किनसूटवर (अंगाला घट्ट बसणारा सूट) दंडाखांद्यांना बारीक फुगवटे होते, गेरेंट थॉमसने ती स्टेज जिंकली आणि दुसऱ्या टीमने तक्रार केली, पण सूट चालू दिले. नंतर युसीआयने (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमच केला की कपड्याच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा 1 मिमीच्या वर नको. मोजे पण घोटा आणि गुडघा यांच्या मध्याच्या वर जायचे नाहीत, कारण पोटरीवरचं कापडसुद्धा वेळ वाचवतं.

सूतगिरणी
मी इचलकरंजीचा, कापडधंद्यातला, त्यामुळे कापडाच्या बाजूने सांगतो. तुमच्या स्पीडला रेघांपेक्षा फिटिंग जास्त कमावून देईल. काखेत, पोटावर, कमरेला एक जरी घडी पडून फडफडत असेल तर बाकी सगळं वाया. आणि सूट उभं राहून घालून बघू नका, हात एरोबारवर (पुढे झुकून कोपरं टेकवायचं हँडल) ठेवून बघा, त्या पोझिशनमध्ये पाठीवरचं कापड ताणलेलं पाहिजे आणि पोटाला चुण्या नकोत. उलट फार लहान साइज घेतला की कापड ताणून रेघा चपट्या होतात, मग ज्याचे पैसे दिले तेच गेलं. सॉफ्टनर, गरम पाणी, ड्रायर तिन्ही टाळा, लायक्राची ओढ जाते आणि सूट ढिला पडतो.

उकाड्याचं म्हणाल तर बाह्या पातळ असतील तर हरकत नाही, उन्हापासून वाचवतात, एड स्टेशनला (वाटेतली पाणी-खाण्याची जागा) पाणी ओतून घ्या, 32 च्या वाऱ्यात ओलं कापड छान थंड करतं. खरा त्रास रनिंगला, तिथे वारा नसतो. फक्त पोहून बघा आधी, बाहीत पाणी शिरलं तर प्रत्येक हाताला ओढतं.

रानवारा
खूप खूप धन्यवाद, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ग्रुपमधल्या एकीकडे माझ्याच मापाचा बाह्यावाला सूट आहे, ती एक दिवस द्यायला तयार आहे. पॉवर मीटर (पेडलवर किती वॉट जोर लावतेय ते मोजणारं यंत्र) आहे माझ्याकडे. घरच्या घरी फरक कळेल का?

वायुवेग
कळेल की. पहाटे वारा पडलेला असताना रहदारी नसलेला सपाट रस्ता घ्या, जाऊन येऊन, तेच वॉट, टायरमध्ये तीच हवा, तेच हेल्मेट. आधी जुना सूट, मग नवा, मग परत जुना. दोन्ही जुन्या फेऱ्यांचे टाइम जुळले तरच मधल्या फेरीवर विश्वास ठेवा, नाही जुळले तर वारा बदललाय, दुसऱ्या दिवशी परत करा. आणि डोकं खाली-वर होऊ देऊ नका, कारण मान दोन बोटं वर आली तरी तेवढ्यात कापडाचा फरक झाकून जातो.