मदत हवी आहे: गोवराच्या लशीबद्दल ताईची भीती कशी घालवू?

नमस्कार मंडळी. ताईने भाचीची गोवराची लस पुढे ढकलली आहे. लशीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते, असं सांगणारे व्हिडिओ तिला मोबाइलवर सतत दिसतात. एक पाहिला की तसलेच आणखी येत राहतात.

हा दावा १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखातून पसरला. डॉक्टर वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास जेमतेम १२ मुलांचा. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो मागे घेतला, त्याच वर्षी वेकफिल्ड यांची डॉक्टर म्हणून नोंदणीही रद्द झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. हे सगळं तिला सांगून झालं. “मग त्या व्हिडिओतली आई खोटं बोलतेय का?” एवढंच ती विचारते. इथे आकडे कमीच पडतात. स्वमग्नतेची लक्षणं साधारण याच लशीच्या वयात लक्षात येतात, म्हणून आईबापांना तसं वाटतं. पण हे ताईला न दुखावता कसं सांगू?

गोवर फार झपाट्याने पसरतो, त्यामुळे भाचीची खूप काळजी वाटते. तुमच्या घरात कुणाचा असा नकार बदलला असेल, तर नेमका कशामुळे? बालरोगतज्ज्ञांकडे मी सोबत जावं, की ताईला एकटीला मोकळेपणाने बोलू द्यावं?