एकट्या आजीआजोबांना भेटायला जायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: कोथरूडला राहते, रविवारी दोनेक तास मोकळी असते. मुलं परदेशात असलेल्या आजीआजोबांकडे गप्पा मारायला जावं म्हणते, पण अनोळखी माणसाला कोण घरात घेईल?

कट्टेकरी: नाहीच घेणार, आणि घेऊ पण नये! जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात जा, त्यांच्या ओळखीने गेलीस की मुलांनाही बरं वाटतं. नाहीतर १४५६७ ला विचार, एल्डर लाइन, म्हणजे ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, फुकट आहे.

ठाणेकरीण: मी जाते एका काकूंकडे. तब्येतीचं सारखं विचारू नकोस, ते सगळेच विचारतात, आमच्या काकू रमीत मला हरवतात आणि वर चिडवतात पण. वेळ मात्र पाळ, त्या चारलाच चहाचं आधण ठेवून बसतात. आणि बँक, ओटीपी यात अजिबात पडायचं नाही.