खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली, म्हणून औषधांचे पैसेही कापता येतात का?

सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या आईचे पित्ताशयाचे ऑपरेशन गेल्या महिन्यात येथील एका खासगी रुग्णालयात झाले. पॉलिसी ३ लाखांची असून खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. त्या दिवशी तेवढ्या भाड्याची खोली रिकामी नसल्याने आम्ही ५,००० रुपयांची घेतली आणि वरचे २,००० रोज आपण भरू, एवढाच हिशेब मनात धरला. चार दिवसांचे बिल १,३१,५०० रुपये झाले. त्यात खोलीचे २०,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ व थिएटर मिळून ७०,०००, औषधांचे २६,०००, तपासण्यांचे ९,००० आणि ग्लोव्ह्ज वगैरे किरकोळ वस्तूंचे ६,५०० आहेत. कंपनीने ७५,००० मंजूर केले. सेटलमेंट लेटरमध्ये 'प्रपोर्शनेट डिडक्शन (प्रमाणशीर कपात) ५०,०००' आणि 'नॉन-मेडिकल आयटम्स ६,५००' एवढ्या दोनच ओळी आहेत. आठ हजारांच्या फरकासाठी पन्नास हजार कसे कापले, हे कोणी समजावून सांगेल का?

जुना टीपीएवाला

मी काही वर्षे टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, क्लेम तपासण्याचे काम केले आहे, त्यामुळे आकडे पाहताच हिशेब लक्षात आला. महागड्या खोलीतल्या रुग्णाला रुग्णालये डॉक्टरांची फी आणि थिएटरचा दरही चढा लावतात, म्हणून ३,००० भागिले ५,००० या प्रमाणात, म्हणजे ६० टक्केच खर्च द्यायचा, अशी अट पॉलिसीत असते. खोलीचे आणि डॉक्टर-थिएटरचे मिळून ९०,००० होतात. त्यांचे ४० टक्के, म्हणजे ३६,००० कापणे या अटीत बसते. तुमच्याकडे मात्र औषधे आणि तपासण्या धरून १,२५,००० रुपयांवर ४० टक्के लावले आहेत. आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामक संस्थेने, २०२० साली घालून दिलेल्या नियमांनुसार औषधे, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट (शरीरात बसवायची उपकरणे) आणि तपासण्या यांवर ही कपात लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चावरही नाही. त्यामुळे १४,००० रुपये तुम्हाला परत मागता येतील, असे माझे स्पष्ट मत आहे. पॉलिसीच्या व्याख्यांच्या पानांवर 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस' (ज्या खर्चांवर ही कपात लागते ते) हे शब्द शोधा आणि तो परिच्छेद पत्रात जसाच्या तसा उतरवा.

६,५०० रुपयांचेही तपशीलवार बिल मागा. ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर यांचे पैसे सहसा मिळत नाहीत. पण गॉज आणि कापूस यांचा खर्च ऑपरेशनच्या दरातच धरलेला असायला हवा, त्यामुळे ते वेगळे लावले असतील तर रुग्णालयाला विचारणा करावी. 'किट' एवढेच लिहून तपशील दिला नसेल तर ती रक्कम नाकारली जाते, म्हणून किटमध्ये काय काय होते ते लिहून घ्या.

पुण्याहून

वरील उत्तराला एक पुरवणी जोडते. ज्या खर्चाचा दर खोलीनुसार बदलत नाही, त्या खर्चावर प्रमाणशीर कपात लावू नये, असेही त्याच नियमांत आहे. माझ्या सासऱ्यांच्या वेळी रुग्णालयाचे दरपत्रक मागितले, तेव्हा जनरल वॉर्ड आणि स्पेशल रूम या दोन्ही रकान्यांत सर्जनची फी एकच निघाली. तसे पत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर मिळाल्यावर कंपनीने ती कपात मागे घेतली.

जुना टीपीएवाला

हा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. तुमच्या ७०,००० रुपयांवर त्याचा मोठा फरक पडू शकतो. पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

सोलापूरकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. आज रुग्णालयातून तपशीलवार बिल आणि दरपत्रक आणले. भूलतज्ज्ञांची १२,००० रुपयांची फी सर्व खोल्यांना सारखीच आहे, थिएटरचा दर मात्र वेगळा आहे. म्हणजे औषधे-तपासण्यांचे १४,००० आणि भूलतज्ज्ञांच्या फीवर कापलेले ४,८००, असे १८,८०० रुपये मी पत्रात मागितले आहेत. बिलात 'सर्जिकल किट' म्हणून ३,२०० रुपयांची एकच ओळ आहे. तिचा तपशील सोमवारी देऊ, असे बिलिंग काउंटरवर सांगितले आहे.