मदत हवी आहे: नर्व्ह तुटल्यावर स्नायूभर रिसेप्टर, पण नर्व्ह-स्नायूच्या सांध्याखालचं गणित वेगळं का?

फिजिऑलॉजीवाल्यांनो, एका ठिकाणी गाडी अडली आहे. नर्व्ह शाबूत असताना अ‍ॅसिटिलकोलीनचे (नर्व्हकडून स्नायूला संदेश नेणाऱ्या रसायनाचे) रिसेप्टर स्नायूतंतूवर ती टेकते तेवढ्याच ठिपक्यात दाटलेले असतात. ती तुटली की काही दिवसांत तंतूभर नवे तयार होतात, तेही गर्भावस्थेतल्या धाटणीचे, एप्सिलॉनऐवजी गॅमा उपघटकाचे. (अशा रुग्णाला सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं भुलीचं औषध दिलं तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं, ते यामुळेच.)

लोमो आणि रोझेंथाल यांनी 1972 मध्ये दाखवलं, की उंदराच्या नर्व्ह तोडलेल्या सोलियसला (पोटरीतल्या स्नायूला) थेट विद्युत उत्तेजन दिलं तर ही जादा संवेदनशीलता ओसरते. म्हणजे तंतूची स्वतःची विद्युत हालचाल, आत वाढणारं कॅल्शियम, मायोजेनिनला (रिसेप्टरची जीन चालू करणाऱ्या प्रथिनाला) लगाम. इथवर पटतं.

पण ती विद्युत लाट तर अख्ख्या तंतूभर जाते! मग सांध्याखालची केंद्रकं या लगामातून सुटतात कशी? अ‍ॅग्रिन (नर्व्हने सोडलेलं प्रथिन) आणि मस्क (त्याचा संदेश घेणारं स्नायूवरचं प्रथिन) नुसते रिसेप्टर एका जागी गोळा करतात की जीनही चालू ठेवतात? नर्व्ह गेल्यावरही तिथे एप्सिलॉन बनत राहतं, ते बेसल लॅमिनात (तंतूभोवतीच्या पातळ आवरणात) उरलेल्या अ‍ॅग्रिनमुळे का?

एखादा चांगला रिव्ह्यू पेपर माहीत असेल तर सुचवा. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींनी भागत नाहीये.