‘मेंदूतील’ की ‘मेंदूभोवतीचा’ रक्तस्राव?

अनुवादक: नातेवाइकांसाठीच्या माहितीपत्रकात ‘सबअरॅक्नॉइड हॅमरेज’ला ‘मेंदूतील रक्तस्राव’ म्हटलं तर चालेल का? आणि रक्तस्राव की रक्तस्त्राव?

शब्दखूण (भाषा सल्लागार): रक्तस्राव. धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे. त्यात ‘त’ येत नाही. अरॅक्नॉइड हे ग्रीकमधलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं, म्हणून मेंदूवरच्या या आवरणाला परिभाषेत जालतानिका. तिच्याखाली, मेंदूला चिकटलेल्या मृदुतानिका या आवरणाच्या वर, जिथे एरवी मेंदूजल खेळतं तिथे रक्त पसरतं. ‘अवजालतानिका रक्तस्राव’ पाठ्यपुस्तकात ठीक आहे. पत्रकात ‘मेंदूभोवतीचा रक्तस्राव’ लिहा.

भूलतज्ज्ञ: ‘मेंदूतील’ नकोच. मेंदूच्या आत रक्त गेलं की बहुधा एक बाजू लुळी पडते. इथे पुष्कळदा हातपाय चालू असतात. क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, उलटी आणि ताठ मान एवढंच दिसतं. मग ‘पित्त झालं असेल’ म्हणून वेळ जातो. डोक्याला मार लागलेला नसेल तर सुमारे ८५ टक्के वेळा कारण रोहिणीविस्फार, म्हणजे धमनीला आलेला फुगा. तो पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या २४ तासांत सर्वाधिक, म्हणून क्लिप (बाहेरून चिमटा) किंवा कॉइल (आत तारेचं वेटोळं) घालून तो लवकर बंद करायचा असतो. पत्रकात हेही घाला: अशा डोकेदुखीत ॲस्पिरिन घेऊ नका.

अनुवादक: मूळ मजकुरात हृदय, फुप्फुसं, सोडियम असं बरंच आहे. हृदयाला ‘झटका’ लिहू?

भूलतज्ज्ञ: नको. फुगा फुटताच कवटीतला दाब एकदम वाढतो आणि शरीरात ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा सुटतो. त्याने हृदयाचा स्नायू मंदावतो, ईसीजी बदलतो, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) वाढतं. पण हृदयाच्या धमनीत अडथळा नसतो. याला झटका समजून रक्त पातळ करणारी औषधं दिली तर फुगा बंद होण्याआधी ती घातक ठरतील. ‘स्तब्ध हृदय’ म्हणा. बहुतेकांत ते काही दिवसांत ते आठवड्यांत सावरतं.

शब्दखूण: त्यातल्या एका प्रकाराचं नाव ताकोत्सुबो, म्हणजे जपानी भाषेत ऑक्टोपस पकडायचं मडकं. निमुळता गळा आणि फुगलेला तळ, हृदयाचा डावा कप्पा तसा दिसतो. नाव तसंच ठेवा, पुढे चित्र छापा.

भूलतज्ज्ञ: ‘छातीत पाणी झालं’ हाही घोटाळ्याचा शब्द. आपल्याकडे तो फुप्फुसाच्या आवरणातल्या पाण्याला वापरतात, आणि नातेवाईक विचारतात, ‘मग सुईने काढा ना.’ इथे पाणी वायुकोशांत असतं, सुईने निघत नाही. ऑक्सिजन, व्हेंटिलेटर लागतो. ‘फुप्फुसांच्या वायुकोशांत पाणी’ असं पूर्ण लिहा.

सोडियमचं वाक्य सर्वांत जपून करा. रक्तातलं सोडियम १३५च्या (मिलिमोल प्रति लिटर) खाली गेलं की ‘पाणी कमी द्या’ हा सल्ला इतर आजारांत लागू पडतो. इथे मूत्रपिंडं मीठ आणि पाणी दोन्ही बाहेर टाकत असू शकतात. पाणी तोडलं तर रक्ताचं आकारमान घटतं, आणि आधीच आवळलेल्या धमन्यांतून मेंदूला रक्त पोचत नाही. म्हणून मीठ भरून काढायचं, पाणी तोडायचं नाही.

अनुवादक: ‘आवळलेल्या’ म्हणजे व्हॅसोस्पाझम? मी ‘आचके’ लिहिलं होतं.

शब्दखूण: ‘आचके’ म्हटलं तर फिट आल्यासारखं वाटेल. ‘धमन्या आवळणे’ उत्तम.

भूलतज्ज्ञ: हो. ते साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात होतं. निमोडिपीन हे औषध ६० मिलिग्रॅम दर ४ तासांनी, २१ दिवस, ते त्यातून होणारी मेंदूची हानी कमी करण्यासाठीच; रक्तदाब फार उतरला तर डॉक्टर मात्रा विभागून देतात. रात्री २ची गोळी झोप मोडू नये म्हणून चुकवायची नाही, हे ठळक छापा.

अनुवादक: शेवटी, ‘शस्त्रक्रियेनंतर रुग्ण धोक्याबाहेर’ असं वाक्य आहे.

भूलतज्ज्ञ: ते काढा. सुमारे १० ते १५ टक्के रुग्ण रुग्णालयात पोचण्याआधीच दगावतात. पोचलेल्यांतही धमन्या आवळणं, ताप, न्यूमोनिया, हृदय-फुप्फुसांचा त्रास यांनी पुढचे दोन आठवडे अवघड जातात. ‘फुगा बंद झाला आहे, पुढचे १४ दिवस लक्ष ठेवावं लागेल’ असं लिहा.